विश्लेषण : जुनी लष्करी जीप आयात करता येते, मग घोडे अडते कुठे?

पन्हाळा (कोल्हापूर) : ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आहे. गडावरची जुनी तोफ हा कायद्याने वारसा ठरतो. दुसऱ्या महायुद्धातली जीप मात्र सरकारी दप्तरात केवळ जुनी मोटार आहे. सैनिक टाकळीसारखी गावे असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला अशी जीप जतन करावीशी वाटली, तर काय वाट्याला येते?

वारसा का नाही?

१९७२च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार वस्तू किमान १०० वर्षे जुनी असावी लागते. विलीज आणि फोर्डने युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या, त्या १९४१ ते १९४५ या काळात. म्हणजे शंभरी गाठायला अजून दीड-दोन दशके हवीत. तोवर सीमाशुल्क खात्यासाठी ती वापरलेली मोटारच.

२०२५ मध्ये नेमके काय बदलले?

वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, असा सर्वसाधारण नियम. व्हिंटेज वाहनांना अपवाद होता, पण तो १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वाहनांपुरता. परकीय व्यापार महासंचालनालयाने २०२५च्या सुरुवातीला ही रेषा सरकवली. आता ५० वर्षांहून जुनी वाहने परवान्याविना आणता येतात आणि दरवर्षी आणखी एक वर्ष त्यात जमा होते.

या निर्णयाचे कौतुक झाले. पण महायुद्धातली जीप जुन्या नियमातही बसत होतीच. खरा लाभ झाला तो कोरिया आणि व्हिएतनाम युद्धकाळातल्या गाड्यांच्या चाहत्यांना.

खर्चाचे काय?

तिथे दिलासा नाही. वापरलेल्या मोटारींवर मूळ सीमाशुल्क दीर्घकाळ १२५ टक्के होते. २०२५च्या अर्थसंकल्पात ते ७० टक्क्यांवर आले, पण उरलेला भार उपकराच्या रूपाने परत आला. भाडे आणि विमा धरून १५ लाखांची जीप असेल, तर १२५ टक्क्यांच्या दराने केवळ सीमाशुल्क १८ लाख ७५ हजार होते. त्यावर जीएसटी वेगळा.

जहाजातून उतरल्यावर?

खरी अडचण इथून सुरू होते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. नोंदणी शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. गाडी रोज फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. हे पटण्यासारखे आहे. पण ही सोय दुचाकी आणि खासगी प्रवासी मोटारींपुरती आहे. लष्करी ट्रक किंवा हाफ-ट्रॅक त्यात बसत नाही. रणगाडे आणि चिलखती वाहने तर सीमाशुल्काच्या यादीतही वेगळ्या शीर्षकाखाली येतात. म्हणजे आयातीचे दार किलकिले झाले तरी आरटीओचे दार बंदच.

रंगाची गंमत वेगळीच. नियम १२१ नुसार संरक्षण खात्याची वाहने आणि शेतीचे ट्रॅक्टर वगळता कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. जीप अस्सल ठेवायची म्हणून तिला मूळ रंग द्यावा, तर नियमभंग! शिवाय अमेरिकी जीपचे स्टिअरिंग डावीकडे. त्यासाठी इशारा देणारे विहित साधन बसवावे लागते.

मग देशातली जुनी वाहने?

आयात परवडत नाही म्हणून अनेकांची नजर लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांकडे जाते. जबलपूरची जोंगा त्यात लोकप्रिय. इथे वयाचा घोळ आहे. नियमात ५० वर्षे मोजायची ती ‘पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणी’पासून. १९७० मध्ये बनलेली जोंगा सैन्यातून १९९० मध्ये बाहेर पडली आणि तेव्हा आरटीओकडे नोंदली गेली, असे समजा. नियम शब्दशः वाचला तर ती व्हिंटेज ठरणार २०४० मध्ये, सत्तरीत. लष्करी सेवेचा काळ वयात धरायचा की नाही, हे एका ओळीच्या स्पष्टीकरणाने सुटण्यासारखे आहे. तोपर्यंत अशा गाडीला सामान्य मोटारीचेच नियम लागू, १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीसह.