अंगातली कसर



गेल्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. विषमज्वर म्हणजे ज्याला आपण सगळे टायफॉइड म्हणतो तो. औषध सुरू झाले आणि काही दिवसांनी ताप उतरला. तापमापीत ९८.४ अंश दिसल्यावर दोनच दिवसांनी मी बोईसरहून गाडी पकडली आणि पालघरला महाविद्यालयात हजर झाले. प्रात्यक्षिकाचे तास मागे पडले होते, मुलांच्या वह्या तपासायच्या होत्या, आणि खरे सांगायचे तर ‘आजारातही काम बुडवत नाही’ असा थोडा अभिमानही होता.

त्या दिवशी साध्या दोलकाचा प्रयोग होता. मुले वीस आंदोलनांचा वेळ मोजत होती. मी फळ्यावर सूत्र लिहीत होते, आणि एकाएकी फळाच दोलकासारखा झुलू लागला. मुलांनी मला खुर्चीवर बसवले, पाणी दिले. एका मुलाने विचारले, ‘‘मॅडम, ताप तर नाही ना तुम्हाला? मग काय झाले?’’ पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मला त्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

ते घरी आल्यावर मिळाले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘ताप उतरलाय गं, पण अंगातली कसर अजून कुठे गेलीय?’’

कसर! हा शब्द तुम्हीही घरी ऐकला असेल. तापमापीला तो कळत नाही, म्हणून आपण तो जुन्या माणसांचा शब्द समजून सोडून देतो. मीही तसेच करीत असे. आज मात्र माझे मत असे आहे की हा शब्द पूर्णपणे शास्त्रीय आहे, आणि त्याचा अर्थ न कळल्यामुळे आपण आजारातून उठणाऱ्या मुलामाणसांचे बरेच नुकसान करतो.

आमच्या परिसरातलेच एक उदाहरण घेऊ. तारापूरच्या अणुवीज केंद्रातील पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी १९६९ साली व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास सुरुवात केली. भारतातील ते पहिले अणुवीज केंद्र. अशी एखादी भट्टी बंद करायची असेल तर नियंत्रक दांडे आत सारतात आणि काही सेकंदांत युरेनियमच्या विखंडनाची साखळी थांबते. मग भट्टी लगेच थंड होते का? मुळीच नाही. विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी द्रव्ये आतच असतात. त्यांचा ऱ्हास चालूच राहतो आणि त्यातून उष्णता निघत राहते. भट्टी पूर्ण जोमाने चालू असताना १०० भाग उष्णता निघत असेल, तर बंद केल्याक्षणी ६ ते ७ भाग, तासाभराने सुमारे दीड भाग आणि दिवसानंतरही सुमारे अर्धा भाग उष्णता निघतच असते. म्हणून भट्टी ‘बंद’ झाली तरी तिच्यातून पाणी फिरवण्याचे काम थांबवून चालत नाही. जपानमधील फुकुशिमा येथे मार्च २०११ मध्ये भूकंप होताच चालू भट्ट्या बंद झाल्या होत्या. पण पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने थंड करणारी यंत्रणा निकामी केली आणि या उरलेल्या उष्णतेनेच भट्ट्यांचे अंतरंग वितळले.

बंद भट्टीतली ही उष्णता म्हणजे तिची कसरच नव्हे का?

आता शरीराकडे वळू. ताप आला की शरीराचा ऊर्जेचा खर्च वाढतो. तापमान १ अंश सेल्सिअसने चढले की हा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. १०३ अंश फॅरनहाइट ताप म्हणजे ३९.४ अंश सेल्सिअस, म्हणजे नेहमीच्या ३७ अंशांपेक्षा २.४ अंश जास्त. नुसते अंथरुणावर पडून राहूनही खर्च जवळजवळ पावपट वाढलेला! त्याच वेळी तोंडाला चव नसते, पोटात अन्न जात नाही. जमा कमी आणि खर्च जास्त. मग शरीर आपल्याच साठ्याला हात घालते. चरबी वापरते, स्नायूंतील प्रथिनेही मोडते. ताप उतरतो तेव्हा हे देणे अजून शिल्लक असते. आपण मराठीत ‘कसर भरून काढणे’ म्हणतो ते काही उगाच नाही.

थकवा, सुस्ती, भूक मंदावणे, एकटे पडून राहावेसे वाटणे, ही नुसती दुबळेपणाची लक्षणे नाहीत. जंतूंशी लढणाऱ्या पेशी इंटरल्यूकिनसारखी काही रसायने रक्तात सोडतात. त्यांचा निरोप मेंदूला पोहोचतो आणि मेंदू हालचाल आवरती घेतो. आजारी म्हैस कळपापासून दूर सावलीत जाऊन बसते, तिला कोणी आळशी म्हणत नाही. आपल्याकडे मात्र कोणी पडून राहिले की ‘नाटके करतो’ असे लगेच म्हटले जाते.

तेव्हा शरीराचे ऐकावे, हे खरे. पण ऐकायचे म्हणजे नेमके काय करायचे? शास्त्राचा विद्यार्थी ‘मला असे वाटते’ एवढ्यावर थांबत नाही, तो मोजतो. चक्कर आल्यानंतर मी रजा घेतली आणि केळवे-माहीम भागात सासूबाईंच्या माहेरी, वाडीत, तीन आठवडे राहिले. तिथे मी एक वही केली. वहीत रोज तीन आकडे लिहायचे. पहिला, सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच मोजलेली नाडी. दुसरा, वाडीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आल्यावरची नाडी. तिसरा, ती नाडी पूर्ववत होण्यास लागलेली मिनिटे.

पहिल्या दिवशीचे आकडे होते ९६, १२८ आणि ११ मिनिटे. ताणलेली स्प्रिंग सोडली की ती मूळ स्थितीला येण्यास जसा काही वेळ लागतो, तसाच हा तिसरा आकडा. माझ्या मते तिन्हींत तोच सर्वांत बोलका. सहाव्या दिवशी बरे वाटले म्हणून मी उत्साहाने थेट समुद्रावर चालत गेले. परतताना काही त्रास झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळची नाडी आदल्या सकाळपेक्षा १० ठोक्यांनी जास्त भरली, आणि दिवसभर अंग मोडून आले. त्यावरून मी स्वतःपुरता एक नियम केला. आजचे काम झेपले की नाही, हे उद्याच्या सकाळी ठरते. उद्याचा आकडा बिघडला तर आजचे काम जास्त झाले. सुधारला किंवा टिकला तर पाऊल थोडे पुढे टाकावे. एकविसाव्या दिवशी आकडे होते ७६, १०० आणि ३ मिनिटे.

विश्रांती म्हणजे नुसते लोळणे नव्हे, हेही इथे लक्षात घ्या. न वापरलेले स्नायू झिजतात. अंतराळ स्थानकातील वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांना रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो तो यासाठीच. म्हणून फाटकापर्यंतची ती चालही औषधाइतकीच गरजेची होती.

आता तुम्ही विचाराल, त्यासाठी वाडीतच कशाला जायला हवे? घरी पंख्याखाली विश्रांती मिळत नाही का? मिळते. पण वाडीत काही गोष्टी आपोआप घडतात. खोलीत दिव्याचा प्रकाश शंभर ते तीनशे लक्स असतो. दिवसा झाडाच्या सावलीतही तो कित्येक हजार लक्स असतो. आपल्या शरीरातील घड्याळ या प्रकाशावर लावले जाते, आणि दिवसा भरपूर उजेड मिळाला तर रात्रीची झोप वेळेवर लागण्यास मदत होते. शिवाय पाने बाष्पोत्सर्जन करतात, त्यात उष्णता खर्ची पडते, म्हणून नारळी-केळींखालची हवा थंड लागते. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो. कानावर कर्णे पडत नाहीत.

अमेरिकेतील रॉजर उलरिख यांनी १९८४ साली एक छोटा पण प्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी जोडीजोडीने ताडून पाहिल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले. ज्यांना समोर विटांची भिंत दिसत होती त्यांना ८.७० दिवस लागले. झाडे पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. ४६ ही संख्या लहान आहे, त्यावरून मोठे नियम काढू नयेत. पण खिडकीतल्या झाडाला खर्चही काही नाही!

येथे मला एक धोक्याची सूचना द्यायची आहे. निसर्ग कसर भरून काढण्यास मदत करतो, तो औषधाची जागा घेत नाही. पूर्वी क्षयरोगावर औषध नव्हते, तेव्हा रुग्णांना थंड, कोरड्या हवेत ठेवत. पाचगणीचे बेल-एअर हे आरोग्यधाम १९१२ साली त्यासाठीच सुरू झाले. पुढे औषधे आली. मग १९५६ पासून मद्रासमध्ये एक महत्त्वाचा प्रयोग झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात विश्रांती, चांगला आहार आणि औषधे दिली. इतरांना तीच औषधे त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच दिली. १९५९ साली निष्कर्ष आले. दोन्ही गटांत रोग बरा होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच होते. रोगजंतू मारले ते औषधांनी, हवेने नव्हे.

म्हणूनच, बरे वाटू लागले म्हणून औषध अर्ध्यावर सोडणे याला शरीराचे ऐकणे म्हणत नाहीत. प्रत्येक उपकरणाची एक मर्यादा असते. मोजपट्टीने केसाची जाडी मोजता येत नाही, तशी ‘बरे वाटण्या’वरून रक्तातील जंतूंची संख्या कळत नाही. विषमज्वरात चार-पाच दिवसांत ताप उतरू लागला तरी जंतू उरलेले असू शकतात. हिवतापाच्या एका प्रकारात, ज्याला व्हायव्हॅक्स म्हणतात, परजीवी यकृतात लपून राहतात आणि कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. डेंग्यूत तर ताप उतरण्याची वेळच सर्वांत जपण्याची असते. त्या वेळी पोटात जोराने दुखले, सतत उलट्या झाल्या, रक्तस्राव दिसला किंवा फार गळून गेल्यासारखे वाटले, तर झाडाखाली न बसता तडक दवाखाना गाठावा. थोडक्यात, किती काम झेपते हे शरीराला विचारा. औषध कधी थांबवायचे हे डॉक्टरांना विचारा.

मला केळव्याला जाता आले हे माझे भाग्य. माझ्या वर्गातील पुष्कळ मुलांचे आईवडील बोईसरच्या कारखान्यांत रोजावर कामाला जातात. त्यांना आजारात पडून राहणे परवडत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला आजारपणात वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कम वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळू शकते. पण नोंदच नसेल तर काय? आणि स्वच्छ हवेचे काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मूल्यमापनात देशातील प्रदूषित औद्योगिक समूहांच्या यादीत तारापूरचा क्रमांक पहिला होता. आजारातून उठलेल्या मुलाला मोकळ्या हवेत बसवा, असे सांगणाऱ्याने आधी ती हवा श्वास घेण्याजोगी आहे का, हेही विचारले पाहिजे. विश्रांती आणि शुद्ध हवा ही चैन समजून चालणार नाही. ती औषधपाण्यातच मोजली पाहिजे.

हे मोठे प्रश्न सुटायला वेळ लागेल. पण एक गोष्ट शाळांना उद्यापासून करता येईल. शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस बंद करावे. त्या बक्षिसापायी मुले अंगात ताप असताना वर्गात येऊन बसतात, शेजाऱ्यालाही आजार देतात आणि स्वतःची कसर वाढवून घेतात. त्याऐवजी मोठ्या आजारातून उठलेल्या मुलाला पहिला आठवडा अर्धा दिवस शाळा, कवायतीतून सूट आणि खिडकीजवळची जागा द्यावी. बुडालेला अभ्यास मित्राच्या वहीवरून भरून काढता येतो.

आणि तुम्ही काय करावे? व्हर्निअर वापरण्यापूर्वी आपण शून्य त्रुटी पाहतो ना? तसेच आजारी पडण्याची वाट न पाहता उद्या सकाळी अंथरुणातच मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. मग वीस पायऱ्या चढून उतरा, पुन्हा मोजा, आणि ती पूर्ववत होण्यास किती मिनिटे लागतात ते लिहा. आठवडाभर असे करून सरासरी काढा आणि वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. ते निरोगी असतानाचे तुमचे आकडे. पुढे कधी आजारातून उठलात तर त्या पानाशी ताडून पाहा. आकडे जुळेपर्यंत कोणी काहीही म्हणो, कसर अजून बाकी आहे असे समजा, आणि त्यांना तुमची वही दाखवा.