चिमुकली मोटार आणि छंदाचे दुकान

गतवर्षी स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने आमच्या विद्यालयात जे छंदप्रदर्शन भरविण्यात आले होते, त्यात टपालाची तिकिटे, शंखशिंपले आणि भरतकाम यांच्या शेजारी इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने जुळविलेली, वीतभर लांबीची एक प्लॅस्टिकची मोटार मांडलेली होती. प्रदर्शन पाहावयास आलेले एक पालक तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, "सर, मुलगा दहावीच्या उंबरठ्यावर आहे. दोन महिने या खेळण्यात घालवले त्याने. आणि तुम्हीच त्याला उत्तेजन देता?" ते त्या मुलाचे वडीलच होते, हे आम्हांस नंतर कळले. प्रश्न रास्त होता. त्या गर्दीत आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली, आणि ते मनाला लागून राहिले. त्यांना द्यावयाचे राहिलेले उत्तर या वार्षिकाच्या पानांतून देण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांची समजूत अशी की दुकानातून तयार मोटार आणावयाची आणि कपाटात ठेवावयाची. तसे नाही. पेटी उघडली की हाती येतात त्या प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटी, आणि त्यांना फळांसारखे लगडलेले शंभराच्या आसपास सुटे भाग. इंजिनाचे दोन अर्ध, आसने, सुकाणूचक्र, धुरा, आरसा, दिव्यांच्या काचा. सोबत क्रमवार आकृत्यांचा एक कागद असतो. तो नीट वाचल्यावाचून जो हात घालील त्याचे आसन आधी बसते आणि आसनाखालची जमीन मागाहून सापडते! भाग चौकटीपासून मोडावयाचा नसतो, कातरावयाचा असतो. साच्याचे तेल राहिलेले असते म्हणून तो साबणाच्या पाण्यात धुवावयाचा, साच्याच्या दोन पाकळ्या जेथे मिळाल्या तेथे उमटलेली रेघ घासून काढावयाची, गोंद लावण्यापूर्वी सारे कोरडेच जुळवून पाहावयाचे. या कामाचा खास गोंद वस्तुतः चिकटवीत नाही. तो दोन्ही कडा किंचित विरघळवितो आणि त्या एकजीव होतात. म्हणूनच तो सांडला तर पुसता येत नाही, आणि म्हणूनच तो वापरताना खिडक्या सताड उघड्या असाव्या लागतात. ही सूचना आम्ही पालकांसाठी मुद्दाम लिहीत आहो.

आमच्या त्या विद्यार्थ्याची पहिली मोटार फसली होती. पुढची काच बसविताना त्याने घाईने क्षणार्धात चिकटणारा गोंद वापरला. त्या गोंदाच्या वाफेने काचेवर आतून पांढरे धुके धरले, आणि इतक्या दिवसांच्या मेहनतीला मोतीबिंदू झाला. तो मुलगा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन त्याने विचारले, "सर, ते धुके येते कशाचे?" वर्गात आम्ही एखादा प्रश्न पाच वेळा विचारावा तेव्हा एक हात वर होतो. येथे प्रश्न मुलाने विचारला होता आणि उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. दोघांनी मिळून विज्ञानाच्या शिक्षकांना गाठले. पारदर्शक भागांसाठी सुतारकामातला साधा पांढरा गोंद बरा, हे ज्ञान आम्हांस वयाच्या चौतिसाव्या वर्षी प्राप्त झाले.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. घनफळाच्या गणिताशी आमचे सख्य कधी जमले नव्हते. परंतु याच मोटारींनी ते आम्हांस शिकविले. मोटारींचे नमुने बहुधा १/२४ किंवा १/२५ या प्रमाणाचे असतात. १/२४ म्हणजे खऱ्या मोटारीचा एक फूट येथे अर्धा इंच. आता आपली अँबेसेडर घ्या. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले, तरी तिला न ओळखणारा वाचक विरळाच. तिची लांबी सुमारे ४.३ मीटर, म्हणजे या प्रमाणात १८ सेंटिमीटर. परंतु वजन? लांबी चोवीसपट कमी झाली तर पत्र्याचे क्षेत्रफळ ५७६ पट आणि घनफळ १३,८२४ पट कमी होते. म्हणजे सुमारे अकराशे किलोची ती अवजड बाई, त्याच धातूंची आणि त्याच जाडीच्या प्रमाणात केली, तर अवघी ऐंशी ग्रॅम भरावी! रंगाचेही तसेच. नमुन्यावर दिलेला दशांश मिलिमीटर जाडीचा हात खऱ्या मोटारीच्या मानाने जवळजवळ अडीच मिलिमीटरांचा लेप होतो, आणि दारांच्या फटी बुजून जातात. म्हणून रंग पातळ करून अनेक वेळा द्यावयाचा, प्रत्येक वेळी वाळू द्यावयाचा, मध्ये बारीक पॉलिशपेपरने ओला घासावयाचा. ज्या मुलाला निबंधाचा कच्चा खर्डा पुन्हा लिहावयास सांगितला की रडू येते, तोच मुलगा मोटारीचे टप चार वेळा घासून पुन्हा रंगवितो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

या छंदाचा जन्म मात्र खेळण्यांच्या हौसेतून झाला नाही. तो बाजारातून झाला, हे मौजेचे आहे. अमेरिकेत १९४८ साली निघालेली एएमटी ही कंपनी आरंभी मोटारविक्रेत्यांसाठी नव्या मोटारींच्या तयार प्रतिकृती करीत असे. नवी फोर्ड कशी दिसते हे गिऱ्हाइकाला टेबलावर दाखवावयाचे, एवढाच हेतू. १९५८ साली त्याच प्रतिकृती सुट्या भागांत, पेटीत घालून विकावयास त्यांनी आरंभ केला. एकाच पेटीतून मूळची, मनाजोगती सजविलेली किंवा शर्यतीची, यांपैकी हवी ती मोटार मुलाने करावी, अशी योजना होती. इंग्लंडातही तसेच. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली स्थापिलेली एअरफिक्स कंपनी हवा भरावयाची खेळणी आणि पुढे कंगवे करीत असे. १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी तिने एक छोटा ट्रॅक्टर केला. १९५२ साली ड्रेकचे 'गोल्डन हाइंड' गलबत प्लॅस्टिकच्या पिशवीत, सुट्या भागांच्या रूपाने, वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांस मिळू लागले. जुळणीची मजुरी वाचली म्हणून किंमत उतरली, आणि वाचलेली मजुरी मुलांच्या वाट्यास आली. मुलांनी ती आनंदाने पत्करली!

जपानातील शिझुओका या गावाची कथा आम्हांस अधिक भावते. तेथे योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकूड कापण्याचा धंदा काढला आणि पुढे लाकडाचे नमुने करावयास घेतले. परदेशी प्लॅस्टिकपुढे लाकडाचा टिकाव लागेना, तेव्हा १९६० साली त्यांनी 'यामातो' या युद्धनौकेचा पहिला प्लॅस्टिकचा नमुना काढला. तो फारसा चालला नाही. तरीही ते थांबले नाहीत. २०२५ साली निवर्तलेले त्यांचे चिरंजीव शुन्साकु यांनी तर पोर्श ९३४ चा नमुना बिनचूक व्हावा म्हणून एक खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी केली, आणि पुन्हा जोडताना पोर्शच्याच तंत्रज्ञांना पाचारण करावे लागले. हा नमुना १९७६ साली निघाला. वीतभर-दीडवीत वस्तूसाठी इतका सत्याग्रह!

एक आक्षेप मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आमचे एक कलाशिक्षक स्नेही म्हणतात, "यात मुलाचे स्वतःचे काय? दुसऱ्याने आखले, दुसऱ्याने ओतले, याने चिकटवले." यात तथ्य आहे. अमेरिकेतच जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात मुलांसाठी जी स्पर्धा चालविली, ती या दृष्टीने कितीतरी उंचीची होती. आरंभी नेपोलियनकालीन शाही बग्गीची प्रतिकृती नकाशावरून करावयाची असे. चाकांचे आरेदेखील मुलानेच घडवावयाचे. १९३७ पासून स्वतः कल्पिलेल्या मोटारीचा नमुनाही चालू लागला. बक्षीस म्हणून विद्यापीठाच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती. १९४७ साली ही स्पर्धा जिंकणारा चक जॉर्डन नावाचा युवक पुढे त्याच जनरल मोटर्सच्या रचनाविभागाचा प्रमुख झाला. (स्पर्धा मुलग्यांपुरतीच होती, हे तिचे व्यंग. आमच्या वर्गातील सर्वांत स्थिर हात एका मुलीचा आहे.) तेव्हा पेटीतली मोटार ही कलाकृती नव्हे, हे आम्ही मान्य करतो. परंतु कित्ता गिरविल्याने कोणी कवी होत नाही, म्हणून आपण कित्ता फेकून देत नाही.

आणि पालकांस आम्ही एक विचारू का? दिवाळी जवळ आली की आमच्या गोमंतकातील मुले रात्र-रात्र जागून नरकासुर उभा करतात. बांबू, सुके गवत, जुनी वर्तमानपत्रे, खळ. मुखवट्यासाठी तर पंधरा-पंधरा दिवस. आणि पहाटे तो जाळून टाकतात. देशावरची मुले अंगणात मातीचे किल्ले बांधतात. त्या वेळी गुणपत्रिकेची आठवण कोणाला होत नाही, कारण ती रीत आहे. एकट्याने, टेबलापाशी, कोणाचा गोंगाट न करता तीच मेहनत केली की तिला खेळणे म्हणावयाचे, हा न्याय आम्हांस उमगत नाही.

खर्चाची गोष्ट वेगळी. परदेशी पेट्या महाग असतात आणि सर्व घरांना त्या झेपणाऱ्या नाहीत, हे आम्ही जाणतो. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी पुठ्ठा, कातर आणि पट्टी आहेत, आणि प्रमाणाचे गणित तेच आहे.

आता दुकानाविषयी. हे लिहिताना लेखणी किंचित अडखळते, कारण येथे आम्ही दोषी आहो. शिक्षणासाठी आम्ही मुंबईस होतो तेव्हा एका गल्लीत असे एक छंदाचे दुकान होते. भिंतभर पेट्या, काचेच्या कपाटात गिऱ्हाइकांनीच बांधून आणून ठेवलेले नमुने, गल्ल्यापाशी रंगांच्या इवल्या बाटल्यांच्या रांगा, आणि मागे एक डाग पडलेले टेबल, जेथे बसून कोणीही आपले अडलेले काम करावे. मालक साठीचे होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांनी आम्हांस ब्रश कसा धुवावा ते शिकविले. त्याबद्दल कधी पैसा घेतला नाही. एकदा धंद्याचे गणितही त्यांनी सांगितले. पेटी एकदाच विकली जाते आणि तिच्यात भांडवल अडकून बसते; एखादे मोठे गलबत दहा दहा वर्षे फळीवरून हलत नाही. दुकान तरते ते रंग, गोंद, पाती आणि पॉलिशपेपर यांवर, कारण ते संपतात आणि माणूस पुन्हा येतो. कोणती पेटी खपेल हे कळण्यापूर्वी ती मागवावी लागते. वाहतूक आणि जकात आधी भरावी लागते. आणि चुकले तर माल परत जात नाही.

पुढे घरबसल्या माल मागविण्याची सोय झाली. आम्ही काय केले? काकांच्या दुकानात जावे, पेटी हातात घेऊन पाहावी, हे भाग नाजूक आहेत का, हा रंग यावर बसेल का, म्हणून अर्धा तास त्यांना विचारावे, आणि खोलीवर येऊन तीच पेटी दीडशे रुपये स्वस्त मागवावी. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. त्यांना ते कळत होते, असे आम्हांस आज वाटते. पाचव्या वेळी त्यांनी पेटी खाली काढून दिली आणि म्हणाले, "बघून घे, बाबा. बघायला पैसे नाहीत." आम्ही मान खाली घालून पाहिली, आणि विकत घेतली नाही.

दुकान बंद झाले तेव्हा आम्ही गावी परतून शिक्षकी पत्करली होती. जागेचे भाडे, वय, मुलांना धंद्यात रस नसणे, अशी अनेक कारणे असतील. त्यांच्या आड लपण्याची आमची इच्छा नाही. त्या दीडशे-दीडशे रुपयांत आमचाही हात होता. जे ज्ञान फुकट मिळते त्याचे मोल दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूच्या किमतीत मिसळलेले असते, आणि ती वस्तू आपण दुसरीकडून घेतली की देणारा राहत नाही. आज गोंदाच्या धुक्याचे उत्तर सांगावयास आमच्या विद्यार्थ्याजवळ काका नाहीत. छायाचित्रे आणि चलच्चित्रे उदंड आहेत, पण ती त्याचा ब्रश हातात घेऊन पाहत नाहीत. म्हणून आम्ही मुख्याध्यापकांकडे प्रयोगशाळेतील एक मोकळे कपाट आणि शनिवारची दुपार मागितली. दोन्ही मिळाली. त्या वडिलांनीही मुलाला यावयास परवानगी दिली आहे. अट एवढीच, की गणितात गुण घसरता कामा नयेत. प्रमाणाचे काम आम्ही त्यालाच दिले आहे.

काकांनी निरोपाच्या वेळी आम्हांस एक पत्र्याचा डबा दिला होता. तीस वर्षांत उरलेले, मोडलेले, हरवून सापडलेले सुटे भाग त्यात होते. यंदा शनिवारची मुले पुठ्ठ्याची अँबेसेडर करीत आहेत. तिला पावणेतीन सेंटिमीटर व्यासाची चाके हवी होती, आणि डबा उपडा केल्यावर चार सारखी सापडली. स्टेपनी अजून सापडलेली नाही. मुले शोधीत आहेत.