आत्मपरीक्षणाला मायेची जोड हवी

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर एक दृश्य अनेकदा दिसते. बांधाच्या वादावरून अनेक वर्षे बोलणे टाकलेला धाकटा भाऊ बाहेर बसलेला असतो. थोरला आत खाटेवर असतो, घशात श्वासाची नळी घातलेली. धाकट्याला बोलायचे खूप असते, पण उत्तर मिळण्याची वेळ निघून गेलेली असते. थोरला गेला, की तो न बोललेला शब्द घेऊनच हा घरी परततो. पुढे त्याची झोप उडते, छातीत धडधडते आणि तो झोपेची गोळी मागायला बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभा राहतो.

मनःशांती म्हटले की आज ध्यानाचे शिबिर, मोबाइलवरचे ॲप किंवा सकाळचे प्राणायाम आठवतात. त्यांचा उपयोग अनेकांना होतो. पण डोळे मिटून बसल्यावर जे समोर येते, त्याचे काय करायचे हा खरा प्रश्न आहे. तिथे दोन गोष्टी लागतात. एक, स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहणे आणि दुसरी, माया. मायेविना केलेले आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःवर चालवलेला खटला. त्यातून शांती मिळत नाही, शिक्षा मात्र रोज मिळते.

मानसशास्त्राने हा फरक नीट तपासला आहे. सुसान नोलेन-होक्सेमा या अमेरिकी संशोधिकेने दाखवून दिले, की तेच तेच दुःख मनात घोळवत राहण्याची सवय नैराश्य वाढवते आणि लांबवते. गुराने रवंथ करावा तसा हा विचार आहे, फक्त यात पचत काहीच नाही. ‘माझ्याच बाबतीत असे का?’ हा रवंथाचा प्रश्न. ‘यात माझे काय चुकले आणि आता काय करता येईल?’ हा चिंतनाचा.

मनात धरलेल्या अढीचा शरीराशीही संबंध आहे. 2001 साली शार्लट विटव्हलिट आणि सहकाऱ्यांनी 71 विद्यार्थ्यांना, ज्याने आपल्याला दुखावले अशा व्यक्तीची आठवण काढायला सांगितली. राग धरून विचार करताना त्यांच्या हृदयाची गती आणि रक्तदाब अधिक वाढला, क्षमेचा विचार करताना तो ताण कमी राहिला. प्रयोग थोड्या वेळाचा होता. अढी मात्र माणसे वर्षानुवर्षे बाळगतात.

दुसरा पुरावा दीर्घकाळाचा आहे. हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न संशोधकांनी 1938 पासून 724 पुरुषांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. पन्नाशीत ज्यांना आपल्या नात्यांत समाधान होते, ते ऐंशीच्या वयात अधिक निरोगी आढळले. या बाबतीत कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांतले समाधान अधिक बोलके ठरले. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही लिपिड प्रोफाइलचा कागद जपून ठेवणाऱ्या माणसाने आपण कोणाशी बोलणे टाकले आहे, याचीही एकदा यादी करायला हरकत नाही.

महाराष्ट्राला ही जोड नवी नाही. वारीत माणूस दिवसचे दिवस चालतो, नामस्मरण करतो, स्वतःच्या मनाशी बोलतो. पण तो एकटा नसतो. सोबत दिंडी असते आणि शेजारचा अनोळखी वारकरीही ‘माउली’ असतो. आत पाहणे आणि समोरच्यापुढे वाकणे तिथे एकाच वाटेवर घडते. संक्रांतीचा तिळगूळही तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करायला एक निमित्त देतो. दुर्दैवाने आता तो बहुधा मोबाइलवरच्या चित्रातूनच पोहोचतो.

सुरुवात साधी ठेवावी. रात्री दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून दिवस आठवावा. आज कोणाला दुखावले, कोणी मदत केली, उद्या एक कोणती गोष्ट दुरुस्त करता येईल, एवढेच. हवे तर लिहून काढावे. आणि जिवलग मित्राची चूक ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने स्वतःची पाहावी.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. क्षमा म्हणजे अन्याय सोसणे नव्हे. घरात मारहाण होत असेल, तर आधी सुरक्षितता आणि कायद्याची मदत. तसेच, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, झोप आणि भूक गेली किंवा जगणे नको वाटू लागले, तर तो आजार असू शकतो. त्याला उपचार लागतात. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो. चालू असलेल्या गोळ्या ध्यानाच्या भरवशावर बंद करू नयेत.

बांधाचा वाद कदाचित कोर्टातच मिटेल. पण भावाला फोन करून ‘तब्येत कशी आहे?’ विचारायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. तो फोन अतिदक्षता विभागाच्या बाकावर बसण्याआधी केलेला बरा.