एका डब्यात एकच चिठ्ठी!

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस घरात काय लगबग असते ते वाचक भगिनींना मी सांगायला नको. चकलीचा घाणा उतरतो न उतरतो तोच फळीवरचा डबा खाली येतो. पुण्याला शिकणारा मुलगा, मुंबईला दिलेली लेक, हल्ली तर थेट परदेशी गेलेला नातू, ज्याचा त्याचा वाटा निघतो. लाडू बसतात, कडेच्या पोकळीत शंकरपाळे जातात, आणि झाकण लावता लावता घरातली म्हातारी म्हणते, "थांब गं जरा, एक कागद आण."

त्या कागदासाठी मी आज भांडायला बसले आहे.

पोस्टाच्या नियमपुस्तकात वर्षानुवर्षे एक नियम होता. पार्सलात पत्र घालायला बंदी नव्हती. पण पत्र एकच, आणि तेही ज्याच्या नावाचे पार्सल त्याच्याच नावाचे. दुसरी चिठ्ठी निघाली की नियमभंग! बुकपोस्टाला तर एवढीही मुभा नव्हती. त्या पाकिटाचे तोंड उघडे ठेवायचे ते कारकुनाला आत डोकावता यावे म्हणूनच. मैत्रिणीला दिवाळी अंक पाठवताना "अमकी कथा आधी वाच, मला तुझी फार आठवण आली" एवढे खरडून आत सारले, तर तो अंक बुकपोस्टाच्या सवलतीला मुकला म्हणून समजावे. म्हणजे छापलेला शब्द स्वस्त, आणि हाताने लिहिलेला महाग!

हा नियम मला पुस्तकात नव्हे, बीड जिल्ह्यातल्या एका पोस्टाच्या खिडकीशी भेटला. साल 1966, फाल्गुनाचे दिवस. मी तेव्हा सातवीत होते. थोरला भाऊ औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) कॉलेजात शिकत होता आणि एका विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होता. त्याची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली, आणि इकडे वडील तापाने आडवे झालेले. आईने शेंगदाण्याचे लाडू केले, तिखटाची पुरचुंडी बांधली, मांजरपाटाची पिशवी शिवली. आईला लिहिता येत नव्हते. ती सांगे आणि मी लिही. तीन चिठ्ठ्या झाल्या. एक आईची, भावाला: जिवाला जप, रात्री फार जागू नको. दुसरी माझी, भावालाच: येताना मला निळ्या शाईची दौत आण. तिसरी मालकीणबाईंना: याच्या वडिलांना बरे नाही, पण घाबरण्याजोगे नाही, कोणी येऊन याला काही सांगितले तर त्याची समजूत घाला, पेपर संपेपर्यंत इकडे येऊ देऊ नका.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी चालत पोस्टात गेलो. पिशवीची शेवटची शिवण घालायची राहिली होती, ती आई खिडकीशी उभी राहून घालत होती. कारकुनाने आतले कागद पाहिले. माणूस वाईट नव्हता. त्याने शांतपणे सांगितले, "बाई, यातली एकच ठेवा. बाकीच्यांना वेगळे पाकीट लागेल." आईने माझ्याकडे पाहिले. पदराच्या गाठीला पार्सलापुरतेच पैसे होते. आईने स्वतःची चिठ्ठी आत ठेवली, इतर दोन माझ्या हातात दिल्या, आणि म्हणाली, "पुढच्या बाजारी टाकू." वर लाख लागली, शिक्का पडला, आम्ही घरी आलो.

पुढचा बाजार आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत गावातला एक जण सरकी विकायला औरंगाबादेस गेला, भावाला भेटला, आणि "तुझे वडील आजारी आहेत" एवढेच सांगून आला. भावाने पुस्तके तिथेच टाकली आणि मिळेल त्या गाडीने निघाला. तो दारात आला तेव्हा वडील ओट्यावर बसून पेज पीत होते. परीक्षा बुडाली, त्याचे वर्ष गेले, आणि फीसाठी काढलेले कर्ज वर्षभर लांबले. आईने त्या कारकुनाला कधी दोष दिला नाही. ती मरेपर्यंत म्हणत राहिली, "माझंच चुकलं. बाईंची चिठ्ठी ठेवायची होती, माझी कशाला ठेवली?"

वाचकहो, पोटच्या पोराला लिहिलेल्या दोन ओळींचा एका आईला जन्मभर पश्चात्ताप व्हावा, असा हा नियम!

"त्यात काय मोठेसे? वेगळे पत्र टाकायचे होते," असे म्हणणारे शहाणे मला ठाऊक आहेत. त्यांची बाजूही सांगते. पत्राचा दर वेगळा आणि पार्सलाचा वेगळा. सूट दिली तर लोक एका पोत्यात शंभर पत्रे कोंबतील, आणि डोंगरातल्या वस्तीवर एक कार्ड घेऊन जाणाऱ्या पोस्टमनचा पगार कुठून निघणार? हा मुद्दा खोटा नाही. पण शंभर पत्रे कोंबणारा व्यापारी आणि तीन चिठ्ठ्या घालणारी आई यांतला फरक ज्याला दिसत नाही, तो नियम आंधळा म्हणायचा. पाच चिठ्ठ्यांची मर्यादा घालता आली असती. घरच्या माणसांपुरती सवलत ठेवता आली असती. आपल्याकडे पार्सल एका माणसाला जातच नाही. नाव एकाचे असते आणि डबा घराचा असतो. सुनेला निरोप वेगळा, नातवाला पापा वेगळा, शेजारच्या काकूंना नमस्कार वेगळा. हे सारे एकाच कागदावर लिहायचे तर सुनेची गोष्ट काकू वाचणार!

आणि मूळ कायदा तरी पाहा. 1898 चा टपाल कायदा इंग्रजांचा. पत्रे वाहण्याचा मक्ता त्याने सरकारकडे ठेवला. मक्ता मोडून पत्र नेणाऱ्याला दर पत्रामागे पन्नास रुपयांपर्यंत दंड होता. अपवाद होते, तेही ऐकण्यासारखे. वाटेने जाणारा मित्र फुकट पत्र नेत असेल तर चालेल. उतारू व माल वाहणाऱ्यांना मात्र मनाई. त्यांनी न्यायचे ते केवळ सोबतच्या मालासंबंधीचे पत्र. आता आमच्या बीड शहरात आगगाडी पोहोचली ती 17 सप्टेंबर 2025 ला. तोवर आमचा सारा जीव एस.टी.वर. डबा एस.टी.नेच जाणार. मग कायद्याने बघायचे तर "लाडू मऊ आहेत, आधी ते संपव" ही चिठ्ठी मालासंबंधीची, म्हणून निर्दोष. आणि "तुझ्यावाचून घर खायला उठते" ही चिठ्ठी नेली की कंडक्टर अपराधी! गुळाचे बिल गुळाबरोबर जावे आणि आईची माया मात्र वेगळ्या तिकिटावर जावी, हा कुठला न्याय?

गंमत अशी की, वस्तूबरोबर शब्द हवा हे पोस्टाला कळत नव्हते असे नाही. मनिऑर्डरचा फॉर्म आठवा. खाली एक कुपन असे, त्यावर दोन-चार ओळी लिहायला जागा असे, आणि पैशांबरोबर पोस्टमन ते कुपन हातात देई. त्या मजकुराला वेगळे तिकीट लागत नसे. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर भागांतून ऊसतोडीला गेलेली माणसे सहा-सहा महिने कारखान्यांच्या फडात असतात, म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरे मागे राहतात. अशा घरांतून आलेली कुपने मी शिक्षिका असताना कितीदा तरी वाचून दाखवली आहेत. "पैसे मिळाले की बैलाची पेंड आण. बारकीला शाळेत धाड." नोटा खर्चून जात, कुपन मात्र देव्हाऱ्यामागे खोचलेले राहत असे. ती जुनी मनिऑर्डर 2015 साली बंद झाली, आणि कुपनही गेले.

आता 1898 चा कायदाही गेला. 2023 चा नवा टपाल कायदा 18 जून 2024 पासून लागू झाला, आणि पत्रे वाहण्याचा सरकारी मक्ता त्यात उरला नाही. ज्या मक्त्याच्या राखणीसाठी आईच्या चिठ्ठ्या मोजल्या जात होत्या तो मक्ताच सरकारने सोडून दिला. मग चिठ्ठ्या मोजण्याची वृत्ती तरी का राहावी? कुरियरच्या दुकानात जा; पहिला प्रश्न येतो, "कागदपत्र की पार्सल?" जणू माणूस एक तर शब्द पाठवतो, नाही तर वस्तू!

माझे मागणे साधे आहे. पोस्टाने पार्सलाला पुन्हा कुपन जोडावे. पत्त्याच्या कागदालाच खाली चार ओळींची जागा ठेवावी. आणि आत घरच्या माणसांच्या चिठ्ठ्या असतील तर त्या मोजू नयेत. मक्ता गेल्यावर गिऱ्हाईक टिकवायचे असेल, तर खेड्यातल्या आईइतके इमानी गिऱ्हाईक पोस्टाला दुसरे मिळणार नाही.

"आता फोन आहे, चिठ्ठी कशाला?" असे नातवंडे विचारतात. फोनवर मीही बोलते. पण मालकीणबाईंसाठी लिहिलेली ती चिठ्ठी माझ्या पेटीत अजून आहे. शाई फिकी झाली आहे, तरी आईचे सांगणे माझ्या सातवीतल्या अक्षरांत पुरते वाचता येते. माझी दौतीची चिठ्ठीही तिथेच आहे.

यंदा पुण्याला भावाच्या घरी डबा धाडते आहे. त्यात सात चिठ्ठ्या घातल्या आहेत. ज्याला मोजायच्या असतील त्याने खुशाल मोजाव्यात.