श्रद्धा ही पळवाट नव्हे



तरुणांच्या नैराश्यावर धर्म म्हणजे पळवाट, हे मत मांडणारे वाचकपत्र वाचले. ते मला पटत नाही. विसाव्या वर्षी मला अंथरुणातून उठणेही नकोसे झाले होते. तेव्हा बायबलमधल्या स्तोत्रसंहितेने धीर दिला. देवापुढे आक्रोश करता येतो, रडणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे तिथे कळले. चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी दर रविवारी विचारायच्या, "जेवलास का रे?" त्या प्रश्नानेही मला धरून ठेवले.

आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावचे उदाहरण पाहा. दुष्काळात आईवडील, पुढे भाऊ आणि १८८२ मध्ये पती गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर केडगावात मुक्ती मिशन उभारून शेकडो निराधार स्त्रिया-मुलींना आसरा दिला. याला पळवाट कसे म्हणावे?

मात्र श्रद्धा औषधाची जागा घेत नाही. मलाही डॉक्टरांच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि त्यात देवाचा अपमान झाला नाही. मन खचलेल्यांनी प्रार्थना जरूर करावी. पण टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावेही.

— एक वाचक, कळस (ता. इंदापूर)