उपग्रह सांगतो, ऐकणार कोण?

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर वीस वर्षांनी, ३ मे २०१९ रोजी, त्याच राज्यात पुरीजवळ ‘फनी’ वादळ किनाऱ्याला धडकले. तेही अतितीव्र होते. परंतु ओडिशातील मृतांचा आकडा ६४ वर थांबला. समुद्र तोच, किनाराही तोच. मग हा फरक कशाने पडला? ‘उपग्रहांमुळे’ हे त्याचे सोपे उत्तर. ते खरे आहे, पण अर्धेच. आणि उरलेल्या अर्ध्या उत्तराचा विचार आज महाराष्ट्राने गांभीर्याने करायला हवा.

गरीब देशाला अंतराळाची चैन कशाला, असा प्रश्न विक्रम साराभाईंच्या काळी विचारला जात असे. त्याचे उत्तर आपल्या शास्त्रज्ञांनी वादविवादात नव्हे, तर कर्तृत्वाने दिले. १९८३ साली इन्सॅट-१बी आकाशात गेला. १२ सप्टेंबर २००२ रोजी केवळ हवामानासाठी वाहिलेला उपग्रह आपल्याच प्रक्षेपकाने सोडला आणि पुढल्या वर्षी, कोलंबिया यानाच्या दुर्घटनेनंतर, त्याला कल्पना चावला यांचे नाव दिले गेले. इन्सॅट-३डी (२०१३), ३डीआर (२०१६) आणि ३डीएस (२०२४) ही त्याच परंपरेची पुढची पिढी.

सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह भारतभूमीवर अखंड नजर ठेवतात. पृथ्वीच्या परिवलनाशी त्यांची गती जुळलेली असल्याने ते आपल्या माथ्यावर जणू स्थिर उभे असतात. अवरक्त किरणांच्या साह्याने ते रात्रीही ढग पाहतात. ढगाचा माथा जितका थंड, तितका तो उंच चढलेला, हे त्यावरून कळते. एका उपग्रहाची प्रतिमा अर्ध्या तासाने येते. दोन उपग्रह आळीपाळीने वापरले की दर पंधरा मिनिटांनी. ओशनसॅट मालिकेतील उपग्रह सूक्ष्मलहरी समुद्रावर सोडतात आणि लाटांच्या खडबडीतपणावरून वाऱ्याचा वेग व दिशा सांगतात. जिथे ना जहाज, ना वेधशाळा, तिथले वारे आपल्याला कळतात ते असे. वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांची लक्षणे नोंदविली, सहदेव-भाडळीच्या वचनांवर आपल्या शेतकऱ्यांच्या पिढ्या विसंबल्या. निरीक्षणाचा तोच ध्यास आज यंत्रांच्या रूपाने आकाशात पोहोचला आहे.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. वादळ येत आहे, हे १९९९ मध्येही उपग्रहाला दिसत होते आणि इशाराही दिला गेला होता. परंतु इशारा ऐकून जायचे कुठे? पक्की निवारागृहे मोजकीच होती. त्या आघातानंतर ओडिशाने आपत्ती-निवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारले, किनारपट्टीवर आठशेहून अधिक निवारागृहे बांधली, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. म्हणूनच २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी लाखो लोक वेळीच हलविता आले आणि ‘फनी’च्या वेळी सुमारे बारा लाख. घरातल्या वृद्ध आजीला उचलून निवाऱ्यात नेणारे हात उपग्रहाला नसतात. ते समाजालाच द्यावे लागतात.

आता आपल्याकडे पाहू. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागजवळ धडकले. श्रीवर्धन, मुरुडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढल्याच वर्षी ‘तौक्ते’ आले. अरबी समुद्रात वादळ घोंघावत असल्याचा इशारा काही दिवस आधीच दिलेला होता. तरीही मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ ही तराफा-नौका माणसांसह राहिली, १७ मे २०२१ रोजी बुडाली आणि सत्तरहून अधिक कामगार प्राणास मुकले. हे दुर्गम खेड्यातले अडाणी लोक नव्हते. देशाच्या आर्थिक राजधानीच्या डोळ्यांदेखत हे घडले. माहितीची उणीव नव्हती. ती माहिती आज्ञेप्रमाणे मानण्याची वृत्ती उणी होती. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातील तीव्र वादळे वाढत आहेत, असे हवामानशास्त्रज्ञ सांगत असताना ही वृत्ती आपल्याला परवडणारी नाही.

उपग्रहाच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस कोसळला, तर त्याच शहरातील कुलाब्यात जेमतेम ७४ मि.मी. इतका स्थानिक प्रकोप आकाशातून आधी नेमका सांगणे कठीण. त्यासाठी जमिनीवरची डॉप्लर रडारे आणि पर्जन्यमापकांचे दाट जाळेच हवे. सह्याद्रीतील दरडींचेही तसेच. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, ते बाहेर कळले एस.टी.च्या चालकामुळे. योगायोग असा की, ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून ‘निसार’ हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह झेपावला. दर बारा दिवसांनी त्याच भूभागावर परतून जमिनीची काही सेंटिमीटरची हालचालही टिपण्याची त्याची क्षमता आहे. दरड नेमकी कोणत्या क्षणी कोसळेल, हे तो सांगणार नाही. पण कोणता उतार हळूहळू सरकतो आहे, हे दाखवू शकेल. मात्र त्या नकाशाचे वाचन तालुक्याच्या कचेरीत झाले नाही आणि वाडीच्या पुनर्वसनाची फाईल दप्तरातच पडून राहिली, तर उपग्रहाचा दोष काय?

म्हणून शासनाकडे मागणी करायची ती केवळ नव्या यंत्रांची नको. किनाऱ्यावर पुरेशी निवारागृहे, घाटातील धोक्याच्या वाड्यांची जाहीर यादी आणि त्यांच्या पुनर्वसनाची निश्चित मुदत, इशारा मिळताच समुद्रातील कामे थांबविण्याचे बंधन या मागण्या लावून धरल्या पाहिजेत. आणि शासनाची वाट न पाहता करण्यासारखेही पुष्कळ आहे. मृग नक्षत्रापूर्वी गावातील वृद्ध, आजारी व गरोदर स्त्रियांची यादी करणे, त्यांना कोण आणि कोठे नेणार हे ठरविणे, एकदा प्रत्यक्ष सराव करणे यासाठी मोठा निधी लागत नाही. गणेशोत्सवासाठी महिनाभर राबणारे तरुण यासाठी दोन रविवार सहज देऊ शकतील.

पूर आल्यावर धावून जाणारा आपला समाज आहे, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण आपत्ती येण्याआधी धावण्याची सवय लावून घेणे, हे त्याहून मोठे सेवाकार्य आहे. आपल्या शास्त्रज्ञांनी आपल्याला दोन-तीन दिवसांची उसंत मिळवून दिली आहे. ती वाया जाऊ न देणे आपल्या हाती आहे.