नख उपटले, दुखणे राहिले

पायाच्या अंगठ्याचे नख मांसात रुतणे हे दुखणे सहसा कोणी मनावर घेत नाही. ज्याला होते त्याला मात्र बूट घालता येत नाही, रात्री चादर घासली तरी कळ येते. बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण बहुधा तरुण असतात. घरी किंवा सलूनमध्ये ब्लेडने नखाचा कोपरा कोरलेला असतो, मग प्रतिजैविक गोळ्यांचे दोन-तीन कोर्स झालेले असतात. गोळ्यांनी पू आटतो, पण मांसात शिरलेले नखाचे टोक तिथेच राहते. महिन्याभरात पुन्हा तेच.

मग ‘नख काढून टाका’ असे ठरते आणि अनेकदा अख्खे नख उपटले जाते. काही महिने बरे वाटते. पण नख ज्या मुळातून वाढते ते कातडीखाली शाबूत असते. अंगठ्याचे नख पुन्हा पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागते. तोवर त्याचा दाब नसल्यामुळे टोकाकडचे मांस वर आलेले असते आणि नवे नख त्यातच घुसते. कधी ते जाड, वेडेवाकडेही येते.

खरे तर दोष नखाच्या एका कडेचा असतो, तेवढीच कड काढावी. इंजेक्शनने अंगठा बधिर करतात, बुडाशी रबरी पट्टी आवळून रक्त थांबवतात, रुतलेल्या बाजूची काही मिलिमीटरची उभी पट्टी मुळापासून काढतात आणि तिथल्या मुळाला फिनॉल लावून ते कायमचे निकामी करतात. उरलेले नख थोडे अरुंद दिसते, इतकेच. अर्ध्या तासाच्या आत काम होते आणि रुग्ण चालत घरी जातो. ही पद्धत 1945 पासून वैद्यकीय साहित्यात आहे. कॉक्रेन संस्थेच्या 2005च्या आढाव्यातही फिनॉल वापरल्यास नख पुन्हा रुतण्याचे प्रमाण कमी आढळले. जखमेत जंतुसंसर्ग मात्र अधिक. फिनॉलची जखम दोन-चार आठवडे पाझरते. तो पू समजून घाबरू नये, पण लाली पसरली, ठणका वाढला किंवा ताप आला तर दाखवावे. (फिनॉल म्हणजे फरशी पुसायचे फिनाईल नव्हे, घरी कसलाही प्रयोग नको.)

सुरुवातीला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. कोमट पाण्यात पाय बुडवणे, नखाच्या कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सारणे, सैल पादत्राणे आणि नख गोल न कापता सरळ कापणे यावर पुष्कळांचे भागते. नखाच्या मधोमध खाच पाडल्याने मात्र काही होत नाही. नख मुळातून वाढते, टोकाकडून नव्हे.

अशा शस्त्रक्रियेला मोठे रुग्णालय कशाला हवे? बधिर करण्याचे औषध, कात्री, चिमटा ही तर ग्रामीण रुग्णालयातलीच सामग्री. जादा लागते ती फिनॉलची छोटी बाटली आणि ते जपून वापरण्याचे थोडे प्रशिक्षण. आरोग्य विभागाने ही सोय तालुका पातळीवर करावी. तोवर रुग्णाने विचारावे : डॉक्टर, पूर्ण नख काढणार की फक्त कड? आणि मुळाचे काय करणार?

मधुमेहींची गोष्ट वेगळी. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे नख रुतलेले कळतही नाही. त्यांनी ब्लेड हातात घेऊच नये. शस्त्रक्रियेआधी पायाचा रक्तपुरवठा आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. अंगठा काळपट किंवा गार वाटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.